कुंपणापलीकडचं देवक

रविवार, ३ ऑगस्ट

कुंपणालगतच्या माझ्या माणसांनो! हत्ती आपला मका खातो, बबून आपला भुईमूग उपटतो, तरस आपली शेळी ओढून नेतो. तक्रार करायला गेलं तर म्हणतात, जनावर राष्ट्राचं आहे. ठीक आहे. मग राष्ट्रात आपण मोडतो की नाही? समुद्रापलीकडची माणसं दुर्बिणी गळ्यात अडकवून आपल्या दारावरून धूळ उडवत जातात आणि त्याच हत्तीकडे पाहून सुखाने उसासे टाकतात. आपण तो हत्ती पाहिला आहे फक्त पाठमोरा, तोही डबे बडवत हाकलताना! ज्यांची नावं आपण कुळाला लावतो ते आत, आणि आपण बाहेर!

इथवर लिहून मोठ्याने वाचलं. आतून सोको म्हणाले, "अगं, चुलीवरचा मक्याचा सादझा कान देऊन ऐकतोय, पण खाली लागायला लागलाय."

ही वही हरारेतल्या माझ्या नातवंडांच्या हाती कधीतरी पडेल, म्हणून सांगून ठेवते. सोको म्हणजे तुमचे आजोबा, झेफानिया. त्यांच्या कुळाचं देवक बबून, म्हणून सारा गाव त्यांना सोको म्हणतो. माझं देवक म्होफू, म्हणजे इलंड, हरणांत सर्वांत थोर. म्होफूच्या लेकींना चिहेरा म्हणतात. चिहेराशी लग्न केलेल्या पुरुषाला घरात बोलायची संधी मिळत नाही, अशी चेष्टा देशभर चालते. ती चेष्टा आहे असं मला कधी वाटलं नाही. कुणीतरी बोलायला हवंच.

मंगळवार, ५ ऑगस्ट

राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य अधिकारी न्याथीबाई यांची गाठ घेतली. अकरावा अर्ज होता माझा. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे, हाती लागेल ते छापील वाचलं आहे, साबणाच्या वेष्टनावरचं सुद्धा. त्यामुळे कायद्याची कलमं मला तोंडपाठ आहेत आणि त्यांना नव्हती. पाऊण तास मी बोलले. शेवटी त्या म्हणाल्या, "आजी, पाणी घ्या. देते ट्रक."

अटी अशा. शनिवारी १६ तारखेला एक उघडा ट्रक, वीस माणसं. आत आवाज करायचा नाही. टाळी नाही, गाणं नाही, हाका नाहीत. सगळं नीट पार पडलं तर कोरड्या दिवसांत महिन्यातला एक शनिवार कायमचा कुंपणालगतच्या गावांचा. बोभाटा झाला तर हा ट्रक पहिला आणि शेवटचा.

"आमची माणसं दगडासारखी गप्प बसतील," मी म्हणाले. "शब्द माझा."

परत येताना अर्ध्या वाटेवर थांबले. वहीला खोटं सांगत नाही. लग्नात, मयतात, शाळेच्या समारंभात म्होफूची बिरुदावली म्हणायला चार गावांतून मला बोलावणं येतं. साठ ओळी, एका दमात. पण म्होफू मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पुस्तकात एकदा चित्र होतं, काळं-पांढरं, बोटाच्या पेराएवढं. हे कुणालाही माहीत नाही. सोकोंनाही नाही. ते लग्नाआधी दोन वर्षं उद्यानात रस्त्याच्या कामावर होते, पण त्यांना काय विचारायचं? खडी टाकणाऱ्या माणसाला खडीखेरीज काय दिसणार!

शनिवार, ९ ऑगस्ट

आज चिंचेखाली वीस जणांची गप्प बसण्याची तालीम घेतली. तास-दीड तास चालली. सगळे उत्तम गप्प बसले.

माताम्बोमामा तेवढे मधेच म्हणाले, "चिहेरा, तालीम आमची आहे की तुझी? मघापासून एकच माणूस बोलतंय."

मामा आमचे गावातले सर्वांत वयस्कर. हत्ती त्यांचं देवक. त्यांचा सबंध मका गेल्या वर्षी हत्तींनी फस्त केला आणि त्यांना एक शिवी देता आली नाही. देवकाला शिवी कशी देणार? लोक विचारायला गेले तर म्हणाले, "घरचेच लोक होते, जेवून गेले." असा माणूस. दुसऱ्या कुळाच्या जनावराने खाल्ला असता तर मामांनी जिल्हा डोक्यावर घेतला असता.

माझ्या भावाची मुलगी मेमरी यायला तयार नव्हती. "आत्या, मी म्होफूची, पण मला म्होफू ओळखू आला नाही तर? सगळे हसतील."

मी म्हणाले, "रक्त रक्ताला ओळखतं. मी आहे ना."

किती सहज बोलून गेले.

गुरुवार, १४ ऑगस्ट

उद्या मोपानीच्या झाडावरच्या अळ्या भाजायच्या, शेंगा उकडायच्या, दोन डबे महेवू, म्हणजे मक्याची आंबील, भरायचा. सोकोंनी माझे बूट पुसून ठेवले. मी विचारलं, "तुम्ही इतके शांत कसे? परवा आयुष्यात पहिल्यांदा आपण मानाने आत जातोय!"

"मी जाऊन आलोय," ते म्हणाले.

"खोरं घेऊन गेला होतात. ते वेगळं."

"ते वेगळंच," ते म्हणाले आणि दुसरा बूट घेतला.

शनिवार, १६ ऑगस्ट

सगळं क्रमाने लिहिते.

फाटकावर नोंदवही होती. नाव, आणि कुठल्या देशातून आलात. वरच्या ओळींत जर्मनी, जपान, पुन्हा जर्मनी. मी नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं: इथूनच. माझ्यामागून अठरा जणांनी तेच लिहिलं. मामांना लिहिता येत नाही, त्यांनी अंगठा उठवला आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "इथूनच, असं वाच." त्या पानाकडे पाहून माझी मान जी ताठ झाली ती साडेदहा वाजेपर्यंत तशीच होती.

ड्रायव्हर ओनायस, तिशीतला, गंभीर चेहऱ्याचा. एक हात चाकावर, एक बिनतारी यंत्रावर.

आधी हत्ती दिसले. सात. नदीच्या वाळूत सोंडेने खड्डा करून पाणी पीत होते. कुणी त्यांना हाकलत नव्हतं, त्यांना कुठे जायची घाई नव्हती. मामांनी टोपी काढली. तळवे जुळवले आणि थोरांना मान देताना वाजवतात ती टाळी वाजवली, पण आवाज न करता; हात एकमेकांच्या जवळ नेऊन केसभर अंतरावर थांबवले. मग हत्तीच्या कानापर्यंत जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मका गोड होता ना रे?" बायकांनी हसू दाबायला डोक्यावरची फडकी तोंडात कोंबली. ट्रक गदगदा हलत होता, पण आवाज शून्य. मला वाटलं, न्याथीबाईंनी हे पाहायला हवं होतं. ही माझी माणसं!

मग झेब्रे दिसले. बबून दिसले तेव्हा सगळ्यांनी सोकोंकडे पाहिलं. त्यांनी भाऊबंदांना नुसती मान लववली.

आणि साडेदहाला, पाणवठ्यापलीकडच्या झुडपांतून तो बाहेर आला. उंच, राखी, पिळाची शिंगं, गळ्याखाली झालर. माझ्या बिरुदावलीत म्होफूची शिंगं पिळाची आहेत, गळ्याखाली झालर आहे. आणि डोळे! त्याने थेट माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. पुढचं मी ठरवून केलं नाही. माझ्या आजीने मला गोठ्यात शिकवलेल्या ओळी पोटातून उसळून वर आल्या. वशिंडाच्या धन्या, उन्हाच्या रंगाच्या, तुझी सावली पडते तिथे गावं वसतात! पंचवीसेक ओळी झाल्या असतील. सोकोंनी माझ्या झग्याचं टोक मुठीत धरलं होतं. खाली ओढायला असणार, पण ओढलं नाही.

तो प्राणी एका उडीत नाहीसा झाला. पाणवठ्यावरचे सगळे पक्षी उठले. पलीकडच्या काठावर पाहुण्यांच्या दोन गाड्या होत्या. कुणीतरी टोपी फेकली, कुणीतरी हात वर केले. पुढे कळलं, ते पहाटेपासून बिबट्यासाठी श्वास रोखून बसले होते.

ओनायसने इंजिन बंद केलं. मागे वळून हळूच म्हणाला, "आजी, तो म्होफू नव्हता. कुडू होता."

एकोणीस माना माझ्याकडे वळल्या. मग माताम्बोमामांचा आवाज आला. "चिहेरा, कुडूच्या घरी आज मोठा सण असेल हं. दुसऱ्याची बिरुदं, तीही फुकटात!"

सगळे खो-खो हसत सुटले. मेमरी सुद्धा. हसता हसता ती रडकुंडीला आली होती, हे मला दिसलं. सोको तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्या चष्म्यावरची धूळ सदऱ्याला पुसली आणि चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला.

बिनतारी यंत्र खरखरलं. हुकूम आला: जेवण उरका आणि परत फिरा.

बाओबाबच्या झाडाखाली डबे उघडले. मी माझा डबा बाजूला ठेवला. झालर! म्होफूच्या गळ्याखाली पोळी असते, बैलासारखी मांसल, लोंबती; ओळीत स्वच्छ सांगितलंय. आणि उन्हाचा रंग सांगितलाय, राखी नाही. मी साठ ओळी पन्नास वर्षं म्हटल्या आणि एकदाही त्या डोळ्यांसमोर आणून पाहिल्या नाहीत. पण मी खचणाऱ्यातली नव्हे. ओनायससमोर उभी राहिले आणि पाव तास बोलले: न्यायाबद्दल, पूर्वजांबद्दल, ज्याने कुंपण घातलं त्याने आमच्या नजरेलाही कुंपण घातलं याबद्दल. तो शेंगा सोलत ऐकत होता. म्हणाला, "आजी, तुमचं पटतंय. पण हुकूम म्हणजे हुकूम."

नंतर तो ट्रकच्या मागे गेला. तिथे सोको बसले होते. त्यांनी तपकिरीची डबी पुढे केली. "सोको," ओनायस म्हणाला. "सोको," हे म्हणाले. एकाच देवकाचे निघाले दोघे! बराच वेळ बसले होते, सोको काडीने मातीत काहीतरी रेघोट्या ओढत होते. तपकीर दिसली की बबूनकुळाला जगाचं भान राहत नाही. इथे माझ्या चार गावांचं भवितव्य टांगलेलं, आणि यांचं गुळपीठ!

पण बोललेलं वाया जात नसतं. ओनायस परत आला तो बदललेला. म्हणाला, "परत तर जायचंच आहे. जुन्या खडीच्या रस्त्याने जाऊ. तोही फाटकालाच मिळतो." माझे शब्द उशिरा का होईना, मुरले.

तो रस्ता आता कुणी वापरत नाही. दोन्ही बाजूंनी मोपानीची झाडं, मधेच एक उथळ खळगा, त्यात हिरवट पाणी. ओनायसने इंजिन बंद केलं आणि नुसतं बोट दाखवलं.

चाळीस असतील. उन्हाच्याच रंगाचे. खांद्यावर वशिंड, शिंगं सरळ आणि पिळाची, गळ्याखाली ती पोळी, चालताना डावी-उजवीकडे झुलणारी. ओळ न् ओळ खरी होती. माझी आजी आत कधीच आली नव्हती, तिची आजी आली असेल. ज्या बाईने पहिल्यांदा ही ओळ रचली तिने हेच पाहिलं होतं, इतक्याच जवळून. तिने चूक केली नव्हती.

सगळा ट्रक माझ्याकडे बघत होता. मेमरीने माझं मनगट पकडलं. माझ्या तोंडात साठ ओळी होत्या.

मी तोंड मिटलं.

छत्तीस वर्षांत मी इतकी मोठी गोष्ट केलेली नाही. ओंजळीसारखे तळवे आडवे धरले, आमच्या बायका धरतात तसे, आणि मामांनी दाखवलं होतं तशी टाळी वाजवली. केसभर अंतर. पुन्हा. पुन्हा. मेमरीने सुरू केलं. मग मामांनी. मग वीसच्या वीस जणांनी, ज्यांचं देवक हत्ती त्यांनी, झेब्रा त्यांनी, मासा त्यांनी, सगळ्यांनी माझ्या म्होफूला. चाळीस हात हलत होते आणि पानावर पान घासल्याएवढाही आवाज नव्हता.

आणि मग आवाज आला. त्यांच्या बाजूने. सर्वांत पुढचा, काळपट मानेचा थोराड नर पाण्याकडे निघाला आणि प्रत्येक पावलाला आवाज होत होता: टक्. टक्. टक्. कोरडा, स्वच्छ, दोन तळवे जुळल्यासारखा. पाणी पिऊन तो वळला, टक् टक् करत आमच्यापासून तीस पावलांवरून गेला, आणि त्याच्यामागून सगळा कळप.

पाव तासाने ओनायसने चावी फिरवली. फाटकापर्यंत कुणी बोललं नाही. मी सुद्धा.

रविवार, १७ ऑगस्ट

गावाला विषय मिळाला. चर्चच्या वाटेवर दोन बायका एका बोकडासमोर उभ्या राहून माझी नक्कल करत होत्या. "वशिंडाच्या धन्या!" बोकडही घाबरला होता.

दुपारी सोकोंना म्हणाले, "त्याने टाळी वाजवली. तुम्हीही ऐकलीत ना?"

"गुडघे वाजतात त्यांचे," ते म्हणाले. "मोठ्या नराचे जास्त. पलीकडच्या माळावरून ऐकू येतात. दुपारी त्या खळग्यावर येतात ते, खडी टाकायचो तेव्हाही यायचे."

हे आधी सांगायला काय झालं होतं? पण विचारल्याखेरीज बोलायचं नाही, हा त्यांचा स्वभावच. ओनायसचं हृदय माझ्या भाषणाने पालटलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

न्याथीबाईंकडे गेले. वाटेत भाषण रचलं होतं, दारात ते टाकून दिलं.

"आवाज मी केला," म्हणाले. "एकोणीस जणांनी शब्द पाळला, ज्या बाईने शब्द दिला तिने मोडला. आणि ज्याच्यासाठी मोडला तो माझ्या देवकाचा नव्हताच. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ही माझी लाज आहे. पण बाई, त्या लाजेचा अर्धा वाटा तुमच्या कुंपणाचा आहे."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या आडनावाचा अर्थ रेडा, रानरेडा. त्यांच्याकडे तेच देवक. "मी माझ्यांना रोज बघते," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने मात्र कधी पाहिले नाहीत. बुलावायोला शिवणकाम करायची." मग ओनायसचा अहवाल पुढे सरकवला. त्यात दोनच वाक्यं होती. कुडूजवळ एका बाईने आवाज केला. नंतर इलंडच्या कळपासमोर वीस माणसं पाव तास इतकी शांत होती, की नऊ वर्षांच्या नोकरीत असे पाहुणे मी पाहिले नाहीत.

पाहुणे! बरं, ते पुढे बघू.

"तीस तारखेला दुसरा ट्रक देते," त्या म्हणाल्या. "पण भरलेला हवा. अर्धा रिकामा गेला तर वरच्यांना सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही."

शुक्रवार, २२ ऑगस्ट

फाटकावरच्या यादीत तीन दिवसांत एक नाव. माझं.

कारण मेमरीने सांगितलं. "आत्या, सगळ्यांना यायचंय गं. पण तुझ्यासारखी तू चुकलीस, मग आम्ही कोण? लोकांना भीती वाटते, की आपल्यालाही आपला ओळखू येणार नाही आणि मग जन्मभर बोकडासमोर नक्कल होईल."

म्हणजे माझ्या पंचवीस ओळींनी चार गावांच्या पायांत खिळे ठोकले. सोकोंना विचारलं, काय करू? पहिल्यांदाच विचारलं असावं, कारण ते दचकले. थोड्या वेळाने म्हणाले, "कुडूचं सांग. सगळं. हसू दे."

मग खोपटातून जुना बूट-पॉलिशचा डबा आणून माझ्या बुटांशेजारी ठेवला आणि यादीसाठी पेन घेऊन फाटकाकडे निघाले. पेन माझंच होतं. तिथे काय लिहिलं ते विचारलं तर म्हणाले, "दुसरं नाव."

रविवार, २४ ऑगस्ट

आज चर्च सुटल्यावर चिंचेखाली हे बोलायचं आहे. जसं बोलायचं तसंच उतरवून ठेवते.

कुंपणालगतच्या माझ्या माणसांनो! मी चिहेरा. पन्नास वर्षं तुमच्या लग्नामयतांत म्होफूची बिरुदावली म्हणणारी. सोळा तारखेला ती मी एका कुडूला ऐकवली. हसा! मनसोक्त हसा, मी थांबते.

झालं हसून? आता विचार करा. त्या कुडूला पाहून मी चुकले, कारण तोवर मी कुठलाच पाहिला नव्हता. आज मी चुकणार नाही. पोळी कशी झुलते ते मी पाहिलंय, गुडघा कसा वाजतो ते ऐकलंय. त्यासाठी किंमत मोजली ती एका दिवसाच्या हशाची, आणि ती मी तुमच्या सर्वांच्या वतीने मोजून ठेवली आहे. तुमच्यावर आता कुणी हसणार नाही. त्यांना हसायला मी पुरून उरेन.

बिरुदं आपल्या तोंडात आहेत, ज्यांची ती बिरुदं आहेत ते फाटकाच्या आत आहेत. या दोघांची भेट आपणच घालून द्यायची आहे. दुसरं कुणी घालणार नाही.

तर शनिवारी, तीस तारखेला, पहाटे पाचला फाटकावर या. एकटे येऊ नका. घरातलं सर्वांत म्हातारं माणूस, ज्याने आपलं देवक अजून पाहिलेलं नाही, त्याला हाताला धरून आणा. आणि वहीत 'कुठून आलात' हा रकाना येईल तेव्हा ठळक अक्षरांत लिहा: इथूनच.